अर्धवट किचन, फोन न उचलणारा कंत्राटदार आणि वकिलाशिवायची तक्रार

वाचकाचं पत्र

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही डोंबिवलीच्या नव्या घरासाठी मॉड्युलर किचन आणि दोन वॉर्डरोब यांचं काम एका कंत्राटदाराला दिलं. त्याचं वर्कशॉप वसईला आहे. एकूण ३ लाख ४० हजार ठरले, त्यात किचनचे २ लाख १० हजार आणि वॉर्डरोबचे १ लाख ३० हजार. आम्ही २ लाख ४० हजार बँकेतून आणि यूपीआयने दिले, ४० हजार रोख. सगळं काम गणपतीच्या आधी पूर्ण करून देणार होता. किचन कसंबसं बसवलं, वॉर्डरोब आलेच नाहीत. यंदाच्या पावसाळ्यात सिंकखालचं कपाट आणि तीन शटर फुगले. कोटेशनमध्ये वॉटरप्रूफ प्लाय लिहिलं होतं. दुसरा सुतार बघून म्हणाला, हे साधं बोर्ड आहे, दुरुस्तीला ६२ हजार लागतील. कंत्राटदार आधी 'करतो ताई' म्हणायचा, दिवाळीपासून फोनच उचलत नाही. ओळखीच्या वकिलांनी ३५ हजार फी सांगितली. सॅन होजेला असलेला भाचा म्हणतो, तिथे अशा छोट्या दाव्यांसाठी वेगळं कोर्ट असतं, वकील लागतच नाही. आपल्याकडे असं काही आहे का? मला सगळे पैसे परत हवेत, शिवाय मनस्तापाचे ५ लाख. दीर म्हणतात, कोर्टाची पायरी चढू नका, पोलिसांत जा. मी शाळेत नोकरी करते, फार रजा मिळत नाहीत.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, तुमच्या भाच्याचं बरोबर आहे. तो राहतो त्या अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एखाद्या व्यक्तीला साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा अशा कोर्टात लावता येतो आणि सुनावणीला वकील उभाच राहू शकत नाही, दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलायचं. आपल्याकडे मुंबईत लघुवाद न्यायालय आहे, त्याचा कायदा १८८२ चा, पण त्याच्या नावावर जाऊ नका. तिथलं काम मुख्यतः घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणांचं. तुमच्यासाठी दार दुसरं आहे: ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. तुम्ही २ लाख ८० हजार दिलेत, म्हणजे एक पैसा भरायचा नाही. दुसरं, कंत्राटदार पालघर जिल्ह्यातला असला तरी तुम्हाला तिकडे जायची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. तिसरं, वकील लावण्याची सक्ती नाही. तुम्ही स्वतः बोलू शकता, मराठीत लिहू शकता.

मुदत मात्र पक्की लक्षात ठेवा. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या बाबतीत मी ती गेल्या वर्षीच्या गणपतीपासून मोजेन, कारण काम देण्याचा शब्द तेव्हा मोडला. शटर यंदा फुगले म्हणून मुदत यंदापासून सुरू होते, असा युक्तिवाद करता येईल, पण वॉर्डरोबच्या पैशांसाठी तो चालणार नाही. मधे कितीही नोटिसा पाठवल्या तरी मुदत वाढत नाही. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण वेळ हातात असताना त्या वाटेला जायचंच कशाला?

आता ज्या कामात लोक सर्वात कमी वेळ घालवतात आणि मग सर्वात जास्त पस्तावतात, ते काम. तक्रार कुणाविरुद्ध करायची? तुमच्याकडे व्हिजिटिंग कार्डावरचं 'अमुक इंटिरिअर्स' एवढंच नाव असेल, तर ते बहुधा दुकानाच्या पाटीवरचं नाव आहे. पाटीविरुद्ध आदेश मिळाला तर तो वसूल कुणाकडून करणार? कोटेशनवर किंवा बिलावर जीएसटी क्रमांक आहे का बघा. महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव, तो एकट्याच्या मालकीचा आहे की भागीदारी की कंपनी, आणि मुख्य पत्ता, सगळं फुकट दिसतं. क्रमांक नसेल तर तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे कोणाच्या नावावर गेले ते पाहा. पुष्कळदा कोटेशन एकाच्या नावाचं आणि यूपीआय बायकोच्या किंवा भावाच्या नावाचं निघतं. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर सामनेवाल्यांत, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या नावांत, 'श्री. अमुक तमुक, अमुक इंटिरिअर्स या नावाने व्यवसाय करणारे' असं लिहायचं. भागीदारी असेल तर फर्म आणि सगळे भागीदार. पैसे ज्या दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात गेले, तिलाही सामनेवाले क्रमांक २ करा. पत्ता वर्कशॉपचा आणि घरचा, दोन्ही मिळवा. भाड्याचं वर्कशॉप एका रात्रीत रिकामं होतं.

मग हिशेब. इथे तुमच्याशी थोडं कडक बोलते. सगळे २ लाख ८० हजार परत मिळतील ही आशा सोडा. किचन तुमच्या घरात उभं आहे आणि वर्षभर त्यात स्वयंपाक होतोय. आयोग हे बघणारच. तुमची मागणी अशी मांडा: किचनची ठरलेली किंमत २ लाख १० हजार, तुम्ही दिले २ लाख ८० हजार, म्हणजे न आलेल्या वॉर्डरोबपोटी त्याच्याकडे तुमचे ७० हजार अडकलेत. किचनच्या दुरुस्तीचे ६२ हजार. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार, आणि त्यावर व्याज. ही रक्कम कागदावरून थेट निघते, तिच्याशी वाद घालणं सामनेवाल्याला जड जातं. मनस्तापासाठी २०-२५ हजार आणि तक्रारीचा खर्च म्हणून काही हजार मागा. ५ लाख मागून फी वाढत नाही, कारण फी नुकसानभरपाईवर नाही, दिलेल्या रकमेवर ठरते. म्हणून लोक बिनधास्त मागतात. पण फुगवलेला आकडा वाचून आयोगाच्या सदस्यांचं बाकीच्या आकड्यांबद्दलचं मतही बदलतं, असं मला वाटतं.

पुरावा. तुमच्याकडे असलेलं कोटेशन हा सगळ्यात मोठा कागद. त्यात प्लायबद्दल नेमकं काय लिहिलंय? 'बीडब्ल्यूपी' किंवा 'आयएस ७१०' असं असेल तर काम सोपं झालं. आयएस ७१० हे मरीन, म्हणजे वॉटरप्रूफ, प्लायचं मानक आहे आणि बीडब्ल्यूपी हा त्याचा दर्जा. साध्या प्लायचं मानक आयएस ३०३. फुगलेलं शटर फेकू नका, दुरुस्तीवाल्याला देऊन टाकू नका. वस्तूतला दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि तेव्हा नमुनाच नसेल तर काय पाठवणार? खर्च मात्र आधी तुम्हाला भरावा लागेल. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे एखाद्या इंटिरिअर डिझायनरचा किंवा जाणत्या सुताराचा सहीचा लेखी अहवाल, फोटोंसह, आणि त्याचं शपथपत्र. नुसतं 'दुसरा सुतार म्हणाला' याला तिथे किंमत नाही. ६२ हजारांचं कोटेशनही त्याच्या लेटरहेडवर घ्या. स्वयंपाकघर किती दिवस बंद ठेवणार, हे मला कळतं. दुरुस्ती करायचीच असेल तर आधी सगळीकडून फोटो आणि व्हिडिओ, मग काम, आणि पक्कं बिल.

रोख दिलेले ४० हजार ही कच्ची कडी आहे. पावती नाही, हे मी गृहीत धरते. व्हॉट्सॲप उघडा आणि त्या दिवसाच्या आसपासचे मेसेज वाचा. 'चाळीस मिळाले ताई' किंवा 'बाकी इतके राहिले' असं काही एकदा तरी त्याने लिहिलं असण्याची शक्यता मोठी आहे. एटीएममधून किंवा बँकेतून ती रक्कम काढल्याची नोंद आणि देताना घरातलं कोणी हजर असेल तर त्याचं शपथपत्र, हेही जोडा. स्क्रीनशॉट काढताना एक चूक सगळे करतात: वर नाव दिसतं ते तुम्ही सेव्ह केलेलं, 'किचनवाला'. ते कुणाचंही असू शकतं. त्या संपर्काचं पान उघडून नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आधी लावा, मग संवाद, तारखांसह, क्रमाने, मधलं काही न गाळता. स्वतःला अडचणीचे वाटणारे मेसेजही ठेवा, कारण तो ते दाखवणारच. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. ग्राहक आयोग दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण जोडलेलं बरं. फोन बदलू नका.

नोटीस पाठवण्याची कायद्यात सक्ती नाही, तरी पाठवा, आणि ती तुम्हीच लिहा. एक पान पुरे. काय ठरलं, किती दिले, काय झालं नाही, काय हवं, आणि १५ दिवसांत न दिल्यास ग्राहक आयोगात जाईन. त्यात 'फसवणूक', 'नालायक', 'बघून घेईन' असलं काही नको. ते पत्र पुढे आयोगाच्या फायलीत लागणार आहे. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचल्याचा ऑनलाइन अहवाल छापून ठेवा, आणि त्याच नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते न फोडता तसंच ठेवा.

तक्रार लिहायला बसाल तेव्हा तुमचं हे पत्र समोर ठेवू नका. ते मन मोकळं करायला छान आहे. तक्रारीला हवे असतात क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद, एकात एकच घटना, आणि प्रत्येक घटनेपुढे तिचा कागद, म्हणजे निशाणी. 'त्याने आम्हाला गोड बोलून फसवलं आणि वर्षभर खेळवलं' याऐवजी असं:

'५. सामनेवाले यांनी दि. ... च्या कोटेशनमध्ये (निशाणी अ) आयएस ७१० दर्जाचं प्लाय वापरण्याचं मान्य केलं. ६. तक्रारदाराने दि. ... ते दि. ... या काळात एकूण रु. २,८०,०००/- अदा केले (बँक स्टेटमेंट, निशाणी ब, संदेश, निशाणी क). ७. सामनेवाले यांनी दोन वॉर्डरोब आजतागायत दिलेले नाहीत.'

वाचायला रुक्ष आहे, पण समोरच्या वकिलाला जबाब देताना 'परिच्छेद ७ अमान्य' असं लिहिण्यापूर्वी थांबावं लागतं. घटना संपल्या की पुढचे परिच्छेद ठरलेले: काम स्वतःच्या घरासाठी होतं, धंद्यासाठी नव्हतं, म्हणून तुम्ही ग्राहक, तुम्ही डोंबिवलीत राहता म्हणून ठाणे आयोगाला अधिकार, वादाचं कारण कधी घडलं आणि तक्रार मुदतीत कशी, याच विषयावर दुसऱ्या कुठल्याही कोर्टात प्रकरण नाही. शेवटी विनंती, म्हणजे वरचा हिशेब, ओळीओळीने. खाली सत्यापन, म्हणजे वरचा मजकूर खरा असल्याचं लेखी विधान, सही, आणि सोबत शपथपत्र. पुढे कागदांची यादी आणि पानांना क्रमांक. पान क्रमांकांची थट्टा करू नका. सुनावणीत 'पान २३ पाहावं' एवढं म्हणता आलं तर तुमचं अर्धं बोलणं वाचतं.

दाखल करणं आता ऑनलाइन होतं. पूर्वी ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून त्याची जागा ई-जागृतीने घेतली आहे. मोबाइलवर ओटीपी घेऊन नोंदणी करायची, पीडीएफ चढवायच्या. त्रुटी निघाल्या तर तिथेच कळतात, त्या दुरुस्त करून द्यायच्या. त्रुटी म्हणजे नकार नव्हे. छापील संच आयोगासाठी किती लागतात ते कार्यालयात विचारा, आणि त्याशिवाय प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. मोठ्या कंपनीच्या फ्रिजबद्दल तक्रार असती तर मी आधी तिथेच फोन करायला सांगितलं असतं. एकट्या माणसाच्या वर्कशॉपवर तिचा फारसा धाक नसतो.

पहिली तारीख दाखलपूर्व सुनावणीची. तक्रार ऐकण्याजोगी आहे का एवढंच तिथे पाहतात, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. मग सामनेवाल्याला नोटीस जाते. इथून पुढे कॅलेंडर तुम्ही सांभाळायचं. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने लेखी जबाब द्यायचा, आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. ४५ च्या पुढे एक दिवसही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलं आहे. त्याचा वकील ६०व्या दिवशी उभा राहून 'आणखी मुदत हवी' म्हणाला, तर तुम्ही नम्रपणे उभं राहून बजावणीची, म्हणजे त्याला नोटीस मिळाल्याची, तारीख सांगा आणि लेखी जबाबाशिवाय प्रकरण पुढे चालवण्याचा अर्ज द्या. त्यानंतर तुमचं पुराव्याचं शपथपत्र, मग 'आणखी पुरावा नाही' अशी पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, मग लेखी युक्तिवाद आणि थोडा तोंडी. सिनेमातली उलटतपासणी डोक्यातून काढून टाका. इथे बहुतेक सगळं शपथपत्रांवर आणि कागदांवर चालतं. निकाल तीन महिन्यांत लागावा, तपासणी लागणार असेल तर पाच, असं कायदा म्हणतो. तुम्ही मनाची तयारी वर्ष-दीड वर्षाची ठेवा.

मधेच कधीतरी कंत्राटदार स्वतः फोन करेल. नोटीस मिळाली की फोन लागायला लागतात! 'ताई, ६०-७० हजार घ्या आणि मिटवा.' रागाने फोन ठेवू नका. दोन्ही बाजूंची लेखी संमती असेल तर आयोगही प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतो. लाखाच्या आसपास एकरकमी मिळत असेल तर मी तरी घेईन, दीड वर्षाच्या तारखा वाचतात. फक्त पुढच्या तारखेचे चेक घेऊन तक्रार मागे घेऊ नका. पैसे खात्यात आले, तडजोडीचं पत्रक आयोगासमोर नोंदवलं, मग प्रकरण बंद, याच क्रमाने.

वकिलाबद्दल. पूर्ण प्रकरणाला ३५ हजार देऊ नका, तुमच्या १ लाख ३२ हजारांतले ते गेले तर हातात काय राहतं? पण तक्रार दाखल करण्याआधी तासाभराची फी देऊन मसुदा एकदा तपासून घ्या. आणि एक गोष्ट तुम्हाला बहुधा कुणी सांगितली नसेल: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यांचं उत्पन्न कितीही असो. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. समोरून जाडजूड जबाब आला, आयोगाला अधिकारच नाही असा मुद्दा निघाला, तर हा मार्ग वापरा. तक्रार मात्र तुमच्या नावाने करा. कोटेशन नवऱ्याच्या नावाचं असेल तर दोघं मिळून करा.

दिरांच्या पोलिसांबद्दल थोडक्यात. काम अर्धवट सोडणं प्रत्येक वेळी गुन्हा ठरत नाही, आणि पोलीस ठाण्यात बहुधा 'हे दिवाणी प्रकरण आहे' हेच उत्तर मिळेल. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता, असं दाखवणारं काही, उदाहरणार्थ त्याच सोसायटीत असेच अडकलेले चार जण, सापडलं तर गोष्ट वेगळी.

आदेश तुमच्या बाजूने लागला की पैसे लगेच येतील असं नाही. कंत्राटदाराला ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे छोट्या कंत्राटदारांपैकी बरेच त्या फंदात पडत नाहीत. ते गप्प बसतात. मग तुम्ही त्याच आयोगात वसुलीची दरखास्त, म्हणजे अर्ज, करायची. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे आदेशाची अंमलबजावणी दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखी होते, म्हणजे बँक खातं, मालमत्ता जप्त करता येते. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार, जास्तीत जास्त १ लाख दंड, किंवा दोन्ही. खरा धाक या दुसऱ्या कलमाचा. समन्स, मग वॉरंट निघालं की पैसे सापडतात, हे आयोगाच्या आवारात कुणीही सांगेल. त्याचं बँक खातं कोणत्या शाखेत आहे हे तुमच्याच स्टेटमेंटवरून आज लिहून ठेवा, तेव्हा शोधत बसावं लागणार नाही.

तुमच्या रजांचं. व्हिडिओवरून हजर राहण्यासाठी अर्ज करता येतो. न जमलेल्या तारखेला नवऱ्याला किंवा दिरांना लेखी अधिकारपत्र देऊन पाठवा. तारीख न चुकवणं महत्त्वाचं, कारण तक्रारदार वारंवार गैरहजर राहिला तर तक्रार काढून टाकली जाऊ शकते. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, आदल्या दिवशी ऑनलाइन बघा, म्हणजे आपला नंबर साधारण कितवा ते कळतं. दाखलपूर्व सुनावणीला आणि युक्तिवादाच्या दिवशी मात्र रजा काढून स्वतः जा, फुगलेलं शटर पिशवीत घेऊन.